पोहऱ्याचे कान

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होतं, डोंगरावर गड होता आणि गडावर एक राणी राज्य करत होती. नगरात तांबटांची आळी होती. दिवस उगवला की तिथे हातोड्यांचा ठणठणाट सुरू व्हायचा, तो दिवस मावळेपर्यंत. नवखा माणूस कानांवर हात ठेवून आळी ओलांडायचा. आळीतल्या लोकांना मात्र हातोडे थांबले की चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

या आळीत हैबती नावाचा तांबट राहायचा. तांब्याचा सपाट पत्रा त्याच्या हाती आला की बघता बघता त्याला पोट यायचं, गळा यायचा, काठ यायचा. पत्रा तापवायचा, निववायचा, ठोकायचा आणि पुन्हा तापवायचा. लोक म्हणायचे, "हैबती तांबं ठोकत नाही, समजूत घालून वळवतो." हैबती हे ऐकायचा आणि खूश व्हायचा. पुढे पुढे त्याला ते ऐकल्याशिवाय करमेना.

पण ठोकून घडवलेलं भांडं म्हणजे पुरं झालेलं भांडं नव्हे. त्याचा काठ इतका धारदार असतो की हात लावला तर बोट कापेल. त्याला धरायला कान नसतात, उचलायला कडी नसते. ही पुढची सगळी कामं ठकूबाई करायची. ठकूबाई जोडारीण होती. जोडकामाची विद्या तिला माहेरून मिळालेली. हैबतीच्या ओसरीच्या एका कोपऱ्यात ती कानस, गिरमिट आणि छोटी हातोडी घेऊन बसायची. काठ घासायची, भोकं पाडायची, कान जोडायची, खिळे ठोकायची.

भोक पाडलं की पत्र्याच्या पाठीला धातूची एक बारीक, टोचरी कड उठते. ठकूबाई तिला कुसळ म्हणायची. नजरेला ती धड दिसतही नाही. पण ती तशीच राहिली तर कान भांड्याला चिकटून बसत नाही, मध्ये केसाएवढी फट राहते, आणि त्या फटीतून खिळा रोज थोडा थोडा ढिला होतो. म्हणून ठकूबाई एकेका भोकाच्या पाठीवरून बोट फिरवायची आणि बोट लोण्यावरून फिरल्यासारखं फिरेपर्यंत घासत राहायची.

एकदा गडावरच्या मुदपाकखान्यातली मुख्य बाई आळीत आली. हैबतीचा हंडा तिनं उचलून पाहिला, झुलवून पाहिला आणि म्हणाली, "हंडा छानच आहे. पण हे कान कोणी बसवले? भरला हंडा उचलला तरी कुरकुर म्हणून नाही."

हैबतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हंडा त्याचा, आणि कौतुक कानांचं! त्या दिवसापासून ठकूबाईच्या कानशीचा आवाज त्याला खुपू लागला.

त्या वर्षी गडावर नवी विहीर खोदून पुरी झाली. तोवर गडावरच्या बायका पाण्यासाठी अर्धा डोंगर उतरायच्या आणि चढायच्या. कातळ फोडून चार वर्षांनी पाणी लागलं होतं. विहीर इतकी खोल होती की पाणी बैलांनीच ओढून काढावं लागणार होतं. राणीनं हैबतीला बोलावलं आणि सांगितलं, "दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा पोहरा घडव. मुहूर्ताच्या दिवशी पहिलं पाणी तुझ्या पोहऱ्यानं निघेल."

हैबती तीन महिने राबला. पोहरा असा झाला, की आळीतले म्हातारे तांबटसुद्धा त्यावरून हात फिरवून गेले.

मग तो ठकूबाईला म्हणाला, "मावशी, आता कान आणि कडी तेवढी राहिली. उद्यापर्यंत होईल ना?"

ठकूबाईनं पोहऱ्याभोवती एक फेरी मारली. "आठ दिवस लागतील."

"आठ दिवस? अगं, मुहूर्त पाच दिवसांवर आलाय!"

"घरातली कळशी असती तर अर्ध्या दिवसात दिली असती. याच्याखाली माणसं उभी राहणार आहेत, बाबा. भोकं पाडून होतील एका दिवसात. पण कुसळ काढायचं, कान पोटाला चिकटेपर्यंत घासायचा, खिळे ठोकायचे, मग पोहरा पाण्यानं भरून चार दिवस टांगून ठेवायचा. कान हलला नाही, तरच मी हातातून सोडीन."

"आणि मुहूर्त?"

"राणीसाहेबांना सांग, चार दिवस पुढे ढकला म्हणावं."

हैबतीचा पारा चढला. "तीन महिने राबून मी हा उभा केला, आणि तुझ्या दोन कानांसाठी राणीसाहेबांनी मुहूर्त ढकलायचा? मावशी, माझं काम म्हणजे स्वयंपाक, आणि तुझं काम म्हणजे जेवणं झाल्यावर उष्टी काढणं. उष्टी काढायला कोणी आठ दिवस घेत नाही!"

हैबतीची बायको सगुणा दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की बोललेलं मागे घेता आलं असतं तर त्यानं तेव्हाच घेतलं असतं. पण शब्द निघून गेला होता, आणि तो गिळायला हैबतीचा गर्व आड येत होता.

ठकूबाईनं आपली हत्यारं फडक्यात बांधली. "बरं," एवढंच म्हणाली आणि घरी गेली.

"मावशींना परत बोलवा," सगुणा म्हणाली.

"कानच बसवायचेत ना? मी बसवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी हैबतीनं आठ भोकं पाडली. भोकांच्या पाठीवरून बोट फिरवलं तर कुसळ टोचलं. घासायला बसलो तर मुहूर्तापर्यंतचे सगळे दिवस यातच जातील, त्याच्या मनात आलं. हातोडीचा घाव बसला की आपोआप दबेल. त्यानं खिळे ठोकले. कान बसले. मग त्यानं वाकून पाहिलं. कान आणि पोहरा यांच्यामध्ये बारीक काळी रेघ दिसत होती.

हे नीट ध्यानात ठेवा. त्याला फट दिसली होती. त्यानं चिंच घेतली, पोहरा घासून घासून लखलखीत केला, आणि त्या लखलखाटात ती रेघ कोणाला दिसेनाशी झाली.

मुहूर्ताच्या दिवशी विहिरीभोवती सगळं नगर लोटलं. बैलांच्या शिंगांना फुलं बांधली होती. विहिरीच्या आत, पाण्यालगतच्या कातळावर सिदू नावाचा पाणबुड्या उभा होता. पोहरा पाण्यात बुडवून भरून द्यायचा, हे त्याचं काम. धिप्पाड, हसतमुख माणूस. पहिला पोहरा वर आला, लोकांनी जयजयकार केला. दुसरा आला. राणीनं स्वतःच्या हातानं हैबतीच्या खांद्यावर शेला घातला.

तिसऱ्या वेळी पोहरा अर्ध्यावर आला आणि कट्ट असा आवाज झाला. एक कान निसटला. पोहरा तिरका झाला, दुसरा कान भारानं फाटला, आणि भरलेला पोहरा खाली कोसळला. विहिरीतून सिदूची किंकाळी आली.

त्याला वर काढलं तेव्हा त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता.

हैबतीच्या खांद्यावर शेला तसाच होता. त्याला तो काढायचं सुचेना.

किल्लेदार धावत आला. "पोहरा कोणी घडवला?"

"मी," हैबती म्हणाला.

"पोहरा फुटलाय का?"

"नाही. पोहरा धड आहे. कान निसटला."

"कान कोणी बसवला?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि मग त्याच्या तोंडून निघालं, "आमच्या आळीत कान ठकूबाई बसवते."

शब्द न् शब्द खरा होता. एवढं खोटं बोलणं हैबती जन्मात बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईला राणीपुढे उभं केलं. ती म्हणाली, "हे कान माझे नाहीत."

"मग कोणाचे?" राणीनं विचारलं.

ठकूबाईनं मान वळवून हैबतीकडे पाहिलं. रागानं नाही. पाहुण्याला आधी वाढायचं म्हणून आपण थांबतो ना, तशी ती थांबली. हैबती आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला.

"ज्यानं काम केलं त्यानं आपलं नाव सांगावं," ठकूबाई शेवटी म्हणाली. "दुसऱ्याचं नाव घ्यायची माझी रीत नाही."

"नाव सांगत नाहीस, तर दोष तुझाच," राणी म्हणाली. तिनं ठकूबाईची हत्यारं गडावर जमा करून घेतली आणि या राज्यात पुन्हा धातूला हात लावायचा नाही, असं फर्मावलं.

त्या दिवशी सगुणानं नवऱ्याला जेवायला वाढलं, पण ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आता ही विचारेल, मग मी सांगेन, असं तो मनाशी म्हणत होता. तिनं विचारलंच नाही.

दिवस जाऊ लागले. ठकूबाई पाणवठ्यावर आली की बायका बाजूला सरायच्या. आळीतली पोरं तिच्या मागे "कानतुटी, कानतुटी" म्हणून ओरडायची. एकदा ती समोरून येताना दिसली, तेव्हा हैबती घाईघाईनं दुसऱ्याच्याच दारात शिरला आणि ती जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्या घरची म्हातारी म्हणाली, "काय हवंय रे?"

ओसरीत घडवलेली भांडी साचत गेली. काठ धारदार, कान नाहीत, कडी नाही. कोणाच्या उपयोगाची नाहीत. त्यानं दोनचार भांड्यांना स्वतः कान बसवून पाहिले. प्रत्येक कानाखाली त्याला काळी रेघ दिसायची. नसली तरी दिसायची. त्यानं ते कान पुन्हा उपटून काढले.

महिन्याभरानं सगुणा पहिल्यांदा बोलली. "सिदूला बघून तरी या."

हैबती गेला. सिदू अंगणात बाजेवर पडला होता. पाय तोडावा लागला होता. हैबतीला पाहून तो उठून बसायला धडपडला. "या, हैबतीदादा! तुम्ही इतक्या लांब माझ्यासाठी आलात?"

हैबतीला वाटलं, यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दादा, एक काम कराल?" सिदू म्हणाला. "तुमची न् ठकूमावशीची ओसरी एक. तिला सांगा, सिदूच्या मनात राग नाही. पहिले आठ दिवस फार होता. पण माझ्या घरात तिच्या हातच्या तीन घागरी आहेत, एकीचाही कान कधी हलला नाही. माणसाच्या हातून एकदा होतं. लोक तिला त्रास देतात म्हणे. तिला सांगा, सिदूनं माफ केलं. एवढा निरोप पोचवा."

हैबतीनं मान हलवली.

तिथून तो तसाच ठकूबाईच्या घरी गेला. हत्यारं गेल्यावर ती शिंदीच्या पात्यांचे झाडू बांधू लागली होती. तिनं त्याला बसायला पाट दिला. हैबती पाटावर बसला नाही, जमिनीवर बसला.

"सिदूचा पाय कसा आहे?" तिनं विचारलं.

"तोडला."

ठकूबाईचे हात थांबले. मग तिनं विचारलं, "कुसळ काढलं होतंस का रे?"

"नाही."

"फट दिसली नव्हती?"

हैबतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "दिसली होती, मावशी."

तो हुंदके देऊन रडला. ठकूबाईनं त्याला रडू दिलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. त्याचं रडणं सरल्यावर ती म्हणाली, "हे मला कशाला सांगतोस? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांग."

हैबती उठला. घरी जाऊन राणीनं दिलेला शेला घेतला आणि डोंगर चढू लागला. वाटेत दोनदा तो दगडावर बसला. दोनदा परत फिरावंसं वाटलं. पण सिदूचा निरोप त्याच्या छातीवर धोंड्यासारखा बसला होता. सिदूनं दिलेली क्षमा खरं तर हैबतीच्या वाट्याची होती, आणि ती मागायला मात्र त्याला तोंड नव्हतं.

भरल्या सभेत त्यानं शेला राणीच्या पायाशी ठेवला. "कान मी बसवले. ठकूबाईनं आठ दिवस मागितले होते, मी दिले नाहीत. फट मला दिसली होती. मी ती चिंचेनं घासून लपवली."

राणीनं निसटलेला कान मागवला. हैबतीनं तो उलटा करून दाखवला. भोकांच्या पाठीला कुसळ तसंच होतं. राणीनं बोट फिरवलं, आणि बोटावर रक्ताचा थेंब आला.

"इतके दिवस गप्प का राहिलास?"

"लाज वाटत होती."

"केलेल्या चुकीची?"

हैबतीनं खरं ते सांगितलं. "आधी पकडलं जाण्याची. मग गप्प राहिल्याची. दुसरी लाज पहिलीपेक्षा कितीतरी मोठी निघाली, राणीसाहेब. रोज वाढत गेली."

राणीनं बोटावरच्या थेंबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "लाज मलाही वाटायला हवी. मला नाव मिळालं नाही, म्हणून समोर उभ्या असलेल्या म्हातारीवर मी दोष टाकला. खरा न्याय करायला मलाही आठ दिवस लागले असते. मीही ते दिले नाहीत."

ठकूबाईची हत्यारं किल्लेदारानं स्वतः डोक्यावर घेऊन, सगळ्या आळीच्या डोळ्यांदेखत, तिच्या घरी पोचवली. राणीनं ठकूबाईची जाहीर क्षमा मागितली. हैबतीला तिनं सांगितलं, "ठकूबाई हो म्हणेपर्यंत तू हातोडा उचलायचा नाहीस. तिच्या हाताखाली बसून जोडकाम शिकायचं, ती शिकवायला तयार असेल तर. आणि सिदू जिवंत आहे तोवर त्याच्या घरचं पाणी तू भरायचंस."

ठकूबाई म्हणाली, "शिकवीन. पण शिकवते म्हणजे विसरले, असं त्यानं समजू नये."

सिदूला मात्र हैबतीनं स्वतः जाऊन सांगितलं. सिदूच्या चेहऱ्यावरचं हसू विझत गेलं. "म्हणजे मी ज्याला माफ करत होतो, तो माझ्यासमोरच बसला होता," तो म्हणाला. "आणि तुम्ही माझा निरोप ऐकून मान हलवलीत." त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. हैबती दारातली रिकामी घागर उचलून पाणवठ्याकडे निघाला.

नव्या कानांना ठकूबाईनं पुरे आठ दिवस घेतले. पोहरा भरून टांगला, कान तसूभर हलले नाहीत, आणि मगच तो विहिरीवर गेला. हैबती तिच्या शेजारी कानस घेऊन बसायचा. घासलेला तुकडा तो पुढे करायचा, ती बोट फिरवायची आणि म्हणायची, "पुन्हा." दिवसातून वीसवीसदा म्हणायची. ज्या आळीत लोक त्याची वाहवा करायचे, त्याच आळीत आता येणारेजाणारे हे "पुन्हा" ऐकायचे. हैबती मान खाली घालून पुन्हा घासायला घ्यायचा.

रोज सकाळी तो सिदूच्या दारात घागरी भरून ठेवायचा. सिदू कधी बोलायचा, कधी नाही. त्यानं पुढे हैबतीला माफ केलं की नाही, कोणालाच कळलं नाही. हैबतीनं ते कधी विचारलं नाही.

तिसऱ्या वर्षी एके सकाळी ठकूबाईनं हैबतीनं बसवलेल्या कानावरून बोट फिरवलं, आणि या खेपेला ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि त्याचा मोठा हातोडा घेऊन आली. "घे," ती म्हणाली.

हैबतीनं दोन्ही हात पुढे केले. हातोडा हातात आला, पण त्याला मान वर करून तिच्याकडे बघता येईना. तो म्हणाला, "मावशी, त्या दिवशी मी उष्ट्यांचं बोललो होतो."

"हो," ठकूबाई म्हणाली. "तीन वर्षं वाट बघत होते, कधी बोलतोस याची."

आणि तिनं आपली कानस उचलून पुढचं भांडं घासायला घेतलं.

म्हणून लहानथोरांनो, एवढं मनाशी ठेवा: हातून झालेली चूक माणसाला एकदाच खाली पाहायला लावते, पण दुसऱ्याच्या माथी मारलेली चूक ती स्वतःच्या तोंडानं कबूल करेपर्यंत त्याला मान वर करू देत नाही.